मार्थेची तक्रार

धाकटा भाऊ काविळीने गेला आणि मी प्रार्थना बंद केली. त्याच्या आजारपणात आम्ही दोघी बहिणींनी येशूला काय कमी आळवलं होतं? आमच्या घरी ओट्याच्या वर संत मार्थेची तसबीर आहे. तिच्यापुढची मेणबत्ती विझू दिली नाही. तरी तो गेला. भेटायला येणारे म्हणायचे, तो चांगल्या ठिकाणी आहे. इथे, आमच्या मेहरूणमध्ये त्याला काय वाईट होतं? बायको होती, लहान मुलगी होती. मी सगळ्यांसाठी चहा टाकायची आणि आतल्या आत धुमसायची. बहीण मात्र डोळे मिटून जपमाळ ओढत बसायची. तिचाही मला संताप यायचा.

आमच्या चर्चमध्ये हिवाळ्यात उपकाराची मिस्सा, म्हणजे देवाचे आभार मानायची उपासना, असते आणि नंतर आवारात भरीत-पुरीचं जेवण. वांगी भाजण्याचं काम आईपासून आमच्या घराकडे आहे. ‘वांगी भाजीन, पण मिस्सेला बसणार नाही,’ असं मी फादरना तोंडावर सांगितलं. उपकार कशाचे मानायचे? ‘बरं, वांगी भाज,’ ते म्हणाले, त्याचाही राग आला. सकाळीच मी चर्चच्या आवारात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि मोठी हिरवी वांगी विस्तवावर टाकली. भाजण्याआधी वांगं टोचायचं असतं, हे आमच्याकडे लहान पोरींनाही कळतं. रागाच्या भरात मी विसरले. एक वांगं फट्कन फुटलं आणि कढत गर मनगटावर उडाला. मी चिमटा आपटला.

फाटकातून एक म्हातारी आत आली होती. कोण कुठली, ठाऊक नाही. विस्तवाशी बसत ती म्हणाली, “वांगाले टोचं नही का वं बाई? कोनावर राग शे इतला?”

“देवावर,” मी म्हणाले.

“मंग त्याले जाइसन सांग ना. वांगास्नी काय करं? जाय, मी देखस.”

मी तशीच, काळ्या हातांनी चर्चमध्ये गेले. मिस्सेला वेळ होता. बहीण एकटी वेदीजवळ गुडघ्यांवर होती. क्रूसासमोर उभी राहून मी मोठ्याने विचारलं, “तू कुठे होतास? इतक्या हाका मारल्या, आला का नाहीस?” बोलता बोलता मला घरची तसबीर आठवली. बायबलातल्या त्या मार्थेचाही भाऊच गेला होता. तीही घरात बसून राहिली नव्हती. वाटेत प्रभूला गाठून तिने हेच सुनावलं होतं. प्रभूने तिच्या भावाला मेलेल्यातून उठवलं, तिला तो परत मिळाला. माझा मिळणार नाही, हेही मी त्याला सांगितलं आणि रडले.

बहीण उठली. आता ही मला गप्प करणार, असं वाटलं. तिने माझा काळा हात धरला आणि क्रूसाकडे पाहत म्हणाली, “ताई, माझ्याकडूनही विचार. माझ्या तोंडून निघत नाही.”

बाहेर आलो तेव्हा म्हातारी नव्हती. वांगी भाजून, सोलून पातेल्यात झाकून ठेवली होती. आवारात कुणालाच ती माहीत नव्हती. मी फार शोधत बसले नाही. त्या दिवशी मिस्सेला आम्ही दोघी शेजारी बसलो आणि मी ख्रिस्तप्रसाद घेतला.

राग गेलेला नाही. पण ज्याचा राग येतो त्याच्याच दारात जाऊन बसायचं, एवढं मार्थेने मला शिकवलं, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. आता रोज ओट्याशी उभी राहून मी देवाशी भांडते. भांडून झालं की त्याच्याच स्वाधीन होते, कारण दुसरीकडे कुठे जाऊ?