धूरमामांचं नाक

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी धूरमामा भट्टीच्या झाकणाच्या कडा ओल्या मातीने लिंपत होते. आत छाटणीचं लाकूड रचलेलं. भट्टीचा धूर एका लांब, तिरक्या पाइपातून जातो, वाटेत थंड होतो आणि टोकाला थेंब थेंब पाणी होऊन गळतो. ते पाणी कॅनमध्ये तीन महिने न हलवता ठेवायचं. वर तेलकट तवंग येतो, तळाशी डांबर बसतं. मधला, चहाच्या रंगाचा थर तेवढा कामाचा. बादलीभर पाण्यात त्याचे दोन मोठे चमचे टाकून रोपांना दिले की मुळं जोर धरतात. नर्सरीत सगळे त्याला धुराचं पाणी म्हणतात आणि ते करणाऱ्या म्हाताऱ्याला धूरमामा.

नर्सरी जावयाची. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी जावयाला बजावलं होतं, "आयतं गिळायला आलेलो नाही. काम द्या." जावयाने भट्टी दिली. भट्टी हातात होती तोवर ते घरात कामाचे होते. ती गेली की नुसते सासरे उरणार होते, आणि हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अडचण एवढीच, की दोन वर्षांपूर्वी एका तापात त्यांना वास यायचा बंद झाला, तो पुन्हा आला नाही. पाणी तयार आहे की नाही, हे कळतं वासावरून. कच्च्या किंवा डांबर मिसळलेल्या पाण्याचा वास डोक्यात जातो. तयार पाण्याला नुसता आंबूस, धुरकट वास असतो. धूरमामा कुणाला काही बोलले नाहीत. कॅन उघडताना ते कुणाला तरी हाक मारायचे, "ये, वास घे, शीक जरा," आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे. ठसका लागून मान फिरली तर कच्चं. नुसतं नाक मुरडलं तर तयार. मुलीचा चेहरा त्यांना सगळ्यात चांगला वाचता यायचा.

गेल्या आठवड्यात कॅन उघडताना जवळ कुणी नव्हतं. रंगावर भरवसा ठेवून त्यांनी ते पाणी विक्रीला पाठवलं. गिऱ्हाईक मिरचीची करपलेली रोपं ट्रेसकट आणून फाटकात आपटून गेलं.

भट्टी पेटवून ते हात धूत होते, तेवढ्यात जावई एक कॅन घेऊन आला. मागून मुलगी, पाणी घालणारी बाई आणि फवारणीवाला. तिघं उगाच आल्यासारखी उभी राहिली.

"मामा, हा जरा बघता? आज पाठवायचाय."

"बघतो की." त्यांनी झाकण फिरवलं. "बाळ, ये इकडे. घे वास."

मुलगी वाकली. तिने नाक मुरडलं आणि अर्धं पाऊल मागे सरकली.

मग धूरमामा वाकले. डोळे मिटून लांब श्वास घेतला. "झकास! स्वच्छ मधला थर. बिनधास्त पाठवा."

जावयाने कॅन तिरका करून पेला भरला आणि तोंडाला लावला.

"अहो, अहो! प्यायचं नसतं ते!" धूरमामांनी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"साखर कमी आहे," जावई म्हणाला.

फवारणीवाला आधी हसला, मग पाणी घालणारी बाई पदर तोंडावर धरून खाली बसली. "कोरा चहा आहे हो मामा! घ्या की घोटभर."

"नाक कुठे गहाण टाकलंत?" जावयाने विचारलं.

धूरमामा मुलीकडे बघत होते. "तू नाक मुरडलंस."

"मुरडलं. चहा मीच केला."

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं. तुमच्यासमोर तोंडं करत उभी राहते रोज. मला दुसरी कामं नाहीत का, अप्पा?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

"मला रंगावरून कळतं," ते जावयाकडे वळून म्हणाले. "एखाददुसरा कॅन चुकतो, बाकी..."

"रंगावरून चहासुद्धा कळला नाही, मामा."

यावर पुन्हा हसणं झालं. त्यात मुलगीही होती. धूरमामाही हसले, पण थोडे उशिरा, आणि सगळे थांबल्यावर ते एकटेच हसत राहिले.

भट्टीजवळच्या शेडची किल्ली जावयाने तिथल्या तिथे फवारणीवाल्याला दिली. सासऱ्यांना पिशव्यांत माती भरायचं काम सांगितलं. त्याला नाक लागत नाही. कॅन ठेवायला शेड अपुरी पडते, शेजारी वासाची तक्रार करतात, हा जुना प्रश्नही मुलीने सोडवला.

"अप्पांच्या खोलीत ठेवू सगळे," ती म्हणाली. "त्यांना काय त्रास?"

संध्याकाळपर्यंत कॅन भिंतीला लावून रचले गेले. खाट खिडकीपासून दाराकडे सरकवावी लागली. ती धूरमामांनी स्वतः सरकवली.

उद्या सकाळी सहाला फवारणीवाला पहिला कॅन न्यायला येईल, म्हणून रात्री दाराला आतून कडी लावायची नाही.