घर बांधून राहिलो

आदरणीय सदारामजींच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी म्हटले, "माह्याकडून कायले लिवून घेता, बाप्पा? त्यांच्याच लिवण्यानं माहं वाटोळं झालं." समितीची मंडळी उठायला लागली. सदारामजी मात्र म्हणाले, "त्यालेच लिवू द्या. बाकीचे खोटं लिवतीन."

सदारामजी आमगावच्या स्टेशनाजवळ कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात. त्यांची माझी पहिली भेट तिथेच झाली. मी रंगूनहून आलो होतो. तिकडे भाताच्या गिरणीत फिटर होतो. बायको मा तिन तिकडचीच, मुलगी चार वर्षांची. आईने अंथरूण धरले म्हणून मी एकटाच निघालो. बर्मा नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आम्ही तिथे परदेशी ठरलो होतो. बाहेर पडायचे तर परतीचे परमिट घ्यायचे आणि मुदत संपण्याआधी परत पोचायचे, असा नियम. मुदत सरत आली, पण आईला सोडवेना. त्यात तिच्या घराची भिंत पडलेली. मुदतवाढीचा अर्ज लिहून घ्यायला मी सदारामजींपुढे बसलो.

माणसाच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, हे त्यांचे ब्रीद. बाकीचे अर्जनवीस 'मायबाप सरकार'ची तीच ती पोपटपंची करीत. हे समोरच्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवत. त्यांनी विचारले, "इतके दिवस काऊन थांबले जी?" मी म्हटले, "माय बिमार हाये. तिच्यासाठी घर बांधून राहिलो." त्यांनी तेच लिहिले आणि वाचून दाखवले. दोघांनाही काही खटकले नाही. आमच्या झाडीपट्टीत 'बांधून राहिलो' म्हणजे बांधतो आहे, काम चालू आहे.

वरच्या कचेरीत इंग्रजी तर्जुमा करणारे गृहस्थ पश्चिमेकडचे मराठी, आमची बोली न जाणणारे होते. त्यांनी अर्थ घेतला, घर बांधले आणि तिथेच राहिलो. रंगूनहून उत्तर आले: अर्जदार भारतात कायमचे स्थायिक झाले आहेत, सबब परतीचा हक्क उरला नाही.

ते उत्तर मला सदारामजींनीच उकलून सांगितले. मग टाक खाली ठेवून म्हणाले, "चूक माही हाये." मी त्यांना नाही नाही ते बोललो. भर बाजारात त्यांची दौत लाथाडली. त्यांनी शेजाऱ्याची दौत मागून घेतली आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले.

त्यानंतर किती अर्ज गेले, विचारू नका. कधी मुदत टळली, कधी नियमच बदलला. नव्याने व्हिसा मागितला, तर तिकडचा हमीदार हवा म्हणाले. तोवर गिरणी बंद पडली होती. मा तिनला इकडे बोलवावे, तर तिच्यामागे आंधळी आई. आता मला आशा नाही, हे सरळ सांगतो. जिच्यासाठी घर बांधले ती माझी आई त्यात एकच पावसाळा राहिली. ती गेल्यावर सुतक फिटेपर्यंत सदारामजी रोज येऊन माझ्याजवळ बसत. तेराव्या दिवशी म्हणाले, "माह्याजवळ बसत जा. शब्द पाह्यत जा." तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसतो आणि जाणारा प्रत्येक अर्ज वाचतो.

आता ते माणसाचे बोलणे लिहितात आणि खाली 'म्हणजे' घालून त्याचा अर्थ पुन्हा लिहितात. बाजारात पोरेटोरेही त्यांना 'म्हणजेजी' म्हणतात, ते हसतात. सालेकशाच्या तेंदूपानांचे एक मुनीम पूर्व पाकिस्तानात अडकले होते, ते या 'म्हणजे'मुळेच घरी आले. त्यांनी पेढे आणले. मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. सदारामजींनीही पुडा तसाच बाजूला सारला.

अलीकडे मुलीचे पत्र आले, बर्मी लिपीत. मला भाषा बोलता येते, वाचता येत नाही. सदारामजींनी ते कलकत्त्याला ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतले. त्यात एवढेच होते: "कचेरीतले लोक आईला सांगतात, बाबांनी तिकडे घर केले. खरे का?"

सदारामजींनी कोरा कागद पुढे ओढला. "काय लिवू?"

"लिवा, वाट पाहून राहिलो."

त्यांनी लिहिले. सवयीने खाली 'म्हणजे' लिहिले आणि हात थांबला. पाहतो आहे, की पाहिली आणि इथेच राहिलो? त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला सांगता आले नाही. ते पत्र अजून गेलेले नाही.

सदारामजींना शंभर वर्षांचे आयुष्य लाभो. त्यांची नजर शाबूत राहो, हात थरथरू नये. त्या 'म्हणजे'पुढची जागा कोरी आहे, आणि ती भरायला मला दुसऱ्या कोणाचा हात नको.