कळकलेलं कालवण

लग्न होऊन मी रोह्याहून पेणला आले, तेव्हा सासूबाईंनी सगळं घर माझ्या हाती दिलं, फक्त एक तांब्याचं पातेलं सोडून. हाताने ठोकलेलं, आतून कल्हई केलेलं ते पातेलं त्या स्वतःच काथ्याने हळूहळू घासायच्या. "तुम्ही हल्लीच्या पोरी तारेच्या घासणीने खरवडता," म्हणायच्या. अहो, खरवडायला हात तरी लावू दिला होता का? माझ्या माहेरीही कल्हईची भांडी होती, मी काही आभाळातून पडले नव्हते. रागाने मी माझी स्टीलची भांडी मुद्दाम आपटून ठेवायची.

गणपती झाले की कल्हईवाला गल्लीत यायचा. खड्ड्यात कोळसे पेटवून भाता लावायचा, भांडं तापलं की नवसागर टाकून कापसाने कथील फिरवायचा. त्याच्याकडे द्यायच्या आधी सासूबाई पातेलं उन्हात तिरपं धरून आत बघायच्या. कल्हई उडून तांबडं दिसलं तरच द्यायच्या. त्या वर्षी त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "नको रे. अजून वर्षभर निघंल."

मी मागेच उभी होते. बुडाला तळहाताएवढं तांबडं मला स्वच्छ दिसत होतं. बोलणार होते, पण म्हटलं, जाऊ दे, मला कोण विचारतंय! बसा आपलं पातेलं कवटाळून. कल्हईवाला निघून गेला.

पंधरा दिवसांनी नवऱ्याचे मामा वडखळहून चांगला मोठा जिताडा मासा घेऊन आले. भावासाठी सासूबाईंनी चिंच घालून कालवण करायला घेतलं, तेही त्याच पातेल्यात. कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट शिजलं की ते कळकतं, तोंडात धरवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "आई, स्टीलच्यात करू का?" असं विचारलं, तर "माझ्या भावाला स्टीलमधलं कालवण?" म्हणून मलाच झापलं. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मामांनी पहिला घास घेतला आणि हात आखडला. "ताई, कालवण कळकलंय गो."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच सख्ख्या भावासमोर गेली. मी खूश व्हायला हवं होतं ना? पण मला भडभडून आलं. तोंडातून निघून गेलं, "मामा, चूक माझी. मीच तारेच्या घासणीने घासलं." नवरा माझ्यावर खेकसला. कालवण परसात ओतलं आणि मामा बिचारे लोणच्याशी भात जेवले.

मामा गेल्यावर सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"पातेल्याला तुझा हात लागला नाय. खोटं कशाला बोललीस?"

मी उगाच पुढ्यातलं ताट पुसत राहिले.

"कल्हईवाला आला तवा तुला दिसलं व्हतं, व्हय ना?"

"व्हय."

"मग बोलली का नाय गो?"

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुला तरी काय बोलू," शेवटी म्हणाल्या. "दोन पावसाळे झाले, मला पातेल्याच्या आतलं काय दिसत नाय. मी तरी कुठं बोलले कुणाला?"