तरटाचा पडदा

मोताळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून फकीर मोहम्मदचं घर. पुढच्या ओसरीत मोटारदुरुस्ती, मागं संसार, अन् मधोमध तरटाचा पडदा. महाराष्ट्र नुकता झाला होता. गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, त्यात सगळ्यात म्हातारी उत्तमरावांची काळी. ती चालती ठेवावी फकीर मिस्त्रीनंच.

त्याची रीत अशी. इंजिन चालू ठेवायचं, उत्तमरावांनी आत बसून रेस द्यायची, अन् मिस्त्रीनं डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा, केसाकेसानं पुढं फिरवायचा. इंजिनातून खडखड उमटली की समजायचं, टायमिंग फार पुढं गेलं. मग जरासं मागं घ्यायचं अन् बोल्ट आवळायचा. "खोकला आला की मांगं," असं तो म्हणे.

पण मिस्त्रीची एक खोड होती. हात इंजिनात अन् डोळे पडद्यावर! आता हे पाहून शेजाऱ्यानं गप्प बसावं का?

"काहो मिस्त्री," मी त्याच्या समोर जाऊन भर गल्लीत ओरडे, "पन्नाशी उलटली, तरी भाभीवरची नजर हटून नाही राह्यली!"

"तुमच्या पोटात काऊन दुखते, मोतीरामभाऊ?" तो हसे. तेवढ्यात पडदा हाले, अन् मिस्त्री बोल्ट आवळे. आम्ही गल्लीतले एकमेकांना टाळ्या देत असू.

खरी गोष्ट जहांआराभाभीनं शेवटच्या दुखण्यात माझ्या बायकोला, विमलला, सांगितली. मिस्त्रीचे कान गेले होते. समोरून मोठ्यानं बोललेलं ओठ पाहून समजे, पण इंजिनाचा खोकला काही ऐकू येत नसे. तो भाभी आतून ऐके अन् पडदा हालवे.

"लोकाईले समजलं तं कोन आनीन गाडी?" ती म्हणाली. मिस्त्रीला दुसरं काही येतही नव्हतं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हा मात्र भिजला.

भाभी गेली. चाळिसावा झाला, अन् उत्तमरावांनी काळी आणून उभी केली. लेकीला आणायला बुलढाण्याला जायचं होतं, अन् घाटात गाडी दम टाकत होती. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, डबा फिरवू लागला. खडखड सुरू झाली. पानठेल्यावरच्या माना वळल्या. मिस्त्री पडद्याकडे पाहत होता अन् डबा पुढंच फिरवत होता.

"अहो मिस्त्री, खोकून राह्यली ना थे!" उत्तमराव गाडीतून ओरडले.

मिस्त्रीची नजर पडद्यावरून हलेना.

मी मागच्या दारानं आत शिरलो अन् पडदा हालवला.

फटीतून त्याचा चेहरा दिसला. असा उजळला, की मला पाहवला नाही. त्यानं डबा मागं घेतला, बोल्ट आवळला. मग पडद्याखाली त्याला माझे पाय दिसले.

"मोतीरामभाऊ," तो हळूच म्हणाला, "थे जराशी आधी हालवे. खोकला येऊच देत नव्हती."

मिस्त्रीला खडखड ऐकू येत नाही, हे आता गल्लीला समजलं होतं. उत्तमरावांना त्यानं बुलढाण्यातला एक मिस्त्री सांगितला, पाने तेलकट फडक्यात गुंडाळले अन् आत जाऊन बसला.

ओसरी रिकामी झाली, तरी पडदा त्यानं काढला नाही. वाऱ्यानं तो हालला, की बसल्या जागी मिस्त्रीची बोटं काहीतरी आवळतात.