शर्यतीला आज एकच होडी

मंडळी, सकाळी मंगरूळपीरजवळच्या धरणावरून आले, तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

काहींना आमच्या शिडाच्या होड्या आठवत असतील. नौदलातून परतलेल्या माझ्या दिरांनी त्या आम्हाला अंगणात प्लायवूडपासून बनवायला शिकवलं. शिडं ताडपत्रीची, रफिकभाई टेलरनं शिवलेली. सगळ्या होड्या एकसारख्या, त्यामुळे पैसेवाला पुढे आणि गरीब मागे असं व्हायचंच नाही. ज्याला वारा कळला तो जिंकला. नवऱ्याला तर मी कितीदा हरवलं!

मग दीर मुलाकडे पुण्याला गेले, बाकीचे आपापल्या कामात अडकले, होड्या कुजल्या. उरलो मी आणि रफिकभाई. आज आमची शर्यत ठरली होती, पण ते काठावर नुसतेच उभे होते.

"ताई, माह्या नावेचं बूड सडलं. पाण्यात नाही उतरत आता."

"नवीन प्लाय टाकू ना, भाऊ."

"कायले? पोरं इंजिनाची बोट मांगून राह्यले. मले बी आता वाकता येत नाही. तुमी जाऊन या, मी पायतो."

मी गेले. वारा इतका छान होता की होडी एका अंगावर कलून सुसाट सुटली. सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे नुसतं पाणी.

काठावर आल्यावर रफिकभाईंनी शीड उतरवायला मदत केली. "सोयाबीनवर झाकाले देता काय?" त्यांनी हळूच विचारलं. मी देऊन टाकलं.

एखादा खेळ अजून चांगला येतो, पण समोर खेळायला कोणीच उरलं नाही, असं तुमचं कधी झालंय का? मग तुम्ही काय केलंत?