थर्मास, चादर आणि माझा आवाज

आमच्या बहादरपुरात कोणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की बरोबर थर्मास, चादर आणि मला घेतात. थर्मास-चादरीचं समजू शकतो, त्यांचा काहीतरी उपयोग होतो. मला नेतात ते आवाजासाठी. मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. शिट्टी हरवली तरी माझं कधी अडलं नाही. निवृत्त झालो आणि गावानं हा आवाज बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यांच्या कामी लावला. मास्तर सोबत असले की डॉक्टर नीट बघतो, असं लोक म्हणायचे आणि मी येडा फुगून पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचो.

मग एका सकाळी आमच्या आक्काचीच पाळी आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. बेंबीजवळचा हर्निया तिनं कितीतरी वर्षं लुगड्याच्या निऱ्यांखाली झाकून ठेवला होता. त्या दिवशी ती गाठ आत जाईना, उलट्या थांबेनात आणि पोट नुसतं दगड झालेलं. केळी भरायचा पिकअप काढला, मागं गादी टाकून तिला निजवलं आणि आमच्या रीतीप्रमाणे अर्धी गल्ली वर चढली. आमच्याकडे आजाऱ्यासोबत घरातले दोघंच गेले, तर बिचाऱ्याला कोणी नाही असं म्हणतात.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींच्या वयाची. तिनं आक्काचं पोट चाचपलं आणि सांगितलं, आतडं अडकलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, उशीर झाला तर आतडं सडेल. एवढ्यातलं मी फक्त ‘सडेल’ ऐकलं. खरं सांगतो, माझी पार तंतरली होती. पण मी घाबरलो की मला रडू येत नाही, आवाज येतो.

"सडेल म्हणजे काय? काही होणार नाही याची गॅरंटी देता का? बोला!"

माझ्या मागं आक्काचा मुलगा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. आमच्या एका शेजाऱ्यानं तेवढ्यात आपला फोन डॉक्टरीणबाईच्या कानाला लावला. "जळगावचे पाहुणे आहेत आमचे, मेडिकलच्या दुकानात असतात, जरा बात करून घ्या." गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून खुर्ची आडवी झाली आणि नर्स किंचाळली. डॉक्टरीणबाईनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "आप इनको इंदौर ले जाइए. मी नाही करणार."

माझी अक्कल बघा, मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. "पकडलं की नाही बाईला!" असं मी गल्लीकडे वळून म्हटलंही. इंदूर किती लांब आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आक्काच्या डोक्यात मात्र आलं. स्ट्रेचरवरून तिनं विचारलं, "बाई, इंदूरपर्यंत टिकेन का मी?"

डॉक्टरीणबाईनं नजर खाली वळवली.

"मग इथंच का नाही करत?"

"मावशी, ऑपरेशन अवघड आहे," ती म्हणाली. "मी पूर्ण कोशिश करीन. पण काही कमी-जास्त झालं, तर हे लोक मला समजून घेतील का?"

आक्कानं मान माझ्याकडे वळवली. चिडली की ती मला मास्तर म्हणते. "मास्तर, तुझ्या तोंडापायी मरू का रे मी?"

चारचौघांत असं बोलली याचा राग यायला हवा होता; तो आला नाही.

डॉक्टरीणबाईनं मग अट घातली. घरचा एकच माणूस आत थांबेल, त्याला ती चांगलं-वाईट सगळं खरं सांगेल, मध्येमध्ये येऊन सांगत राहील, आणि बाकी सगळे फाटकाबाहेर जातील. घरचा एक माणूस म्हणजे मीच, म्हणून मी सवयीनं पुढं सरसावलो.

"तू नाही," आक्का कण्हत म्हणाली. "सून."

ही सून, म्हणजे भाच्याची बायको, माझ्यासमोर कधी दोन वाक्यं सलग बोललेली नाही. ती आत गेली. कदाचित आतडं कापावं लागेल, जिवालाही धोका आहे, हे सगळं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समजलं मॅडम. आता उशीर नका करू."

मी गल्लीला हाकललं, भाच्याला मोबाइल खिशात टाकायला लावला. त्या दिवशी माझ्या आवाजाचा तेवढाच उपयोग. मग फाटकाजवळच्या बाकावर थर्मास, चादर आणि मी असे तिघं बसलो, आणि तिघांच्याही तोंडातून शब्द नाही. नर्स दिसली की मी तोंड उघडायचो आणि परत मिटायचो. माय माय, गप्प बसण्यात केवढी मेहनत असते! आक्का गेली तर मला अरे-तुरे करणारं कोणी उरणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी सून बाहेर आली. "मामाजी, आतडं वाचलं. आत्या ठीक आहेत."

मी चादरीत तोंड घालून रडलो. आवाज न करता रडता येतं, हे मला या वयात कळलं.

आत सोडलं तेव्हा आक्काचे डोळे मिटलेले होते. मी चपला बाहेर काढल्या, चोरासारखा आत गेलो आणि खाटेजवळ बसून राहिलो. खोकला आला तोही गिळला. बऱ्याच वेळानं तिचा हात चादरीवर चाचपडायला लागला. मी माझा पुढं केला, तसा तिनं घट्ट धरला.

"इथंच होतास होय रे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मघापासून शुद्धीवर आहे. कुठूनच तुझा आवाज येईना. मला वाटलं, गेले मी."