बाहेरची कडी

माझ्या सासूबाई, यशोदाबाई, म्हणजे फाटक्या तोंडाच्या. पिंपळगावच्या पॅकहाऊसात आयुष्यभर द्राक्षं निवडली. घडातला एक सडका मणी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. आमच्या कॉलनीच्या विहारात दर रविवारी बुद्धवंदना त्याच सांगणार. त्यांना चूक दाखवायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या पावसाळ्यापासून बिनसलं. उसळीत दोनदा मीठ पडलं. मी विचारलं, तर माझ्याच अंगावर आल्या, "तुझं मीठच लय खारट हाय!" भिंत धरून चालायला लागल्या. काय होतंय विचारलं की एकच उत्तर, "पायाला मुंग्या येत्यात, म्हातारपण. समदं ठीक हाय." कसलं ठीक आणि काय! एकदा गॅस तसाच चालू राहिला. त्या दिवसापासून ऑफिसात माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. आई निमाणी स्टँडवर पिंपळगावच्या गाडीत बसल्या होत्या. मी धावत गेले, तर म्हणाल्या, "सोड गं, ड्युटीला उशीर होतोय." पॅकहाऊस सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. 

संध्याकाळी माझा नवरा, बुद्धभूषण, कडी घेऊन आला आणि त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून ठोकली. "आपण कामाला जातो तेवढ्यापुरतीच," म्हणाला. आई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या आईला शेवटी असाच भ्रम झाला म्हणून मागच्या खोलीत कोंडलं होतं. दार बडवून बडवून म्हातारी गेली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर मीही भीतीने अर्धमेली झाले होते.

दुसऱ्या दिवशी कडी लावायची वेळ यायच्या आत मी रजा टाकली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तळाला गेलेलं; मुंग्या आणि विसरणं त्यानेच. ते मांस-अंडी-दुधातूनच मिळतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी खाणंपिणं विचारलं. सासरे, पुंजाराम, गेले त्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या व्रतात, आईंनी मटण-मासे-अंडी सोडली होती. वर्षावास संपला की सगळे पुन्हा खातात. आईंनी सासऱ्यांच्या आठवणीसाठी ते कायमचंच सोडलं. दूध त्यांना पचत नाही, म्हणून चहा कोरा. वर ॲसिडिटीची गोळी, रोज, वर्षानुवर्षं, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून! तीही बी-ट्वेल्व्ह अंगी लागू देत नाही.

"व्रत पाळा आजी, पण इंजेक्शन चुकवू नका," बाई म्हणाल्या. मी विचारलं, "सगळं परत येईल ना?" त्या म्हणाल्या, "बरंच येऊ शकतं. किती, ते आज नाही सांगता येणार." इंजेक्शनं सुरू झाली. कडी तेवढी लावली नाही, मी आळीपाळीने शेजारणींना त्यांच्यापाशी बसवलं. पण दारावर ती होतीच. आई येता-जाता तिच्याकडे बघायच्या.

हळूहळू मुंग्या कमी झाल्या. परवाच्या रविवारी त्यांनीच हट्टाने वंदना घेतली. पंचशीलातली तीन शीलं नीट झाली. चौथ्यापाशी त्या थांबल्या.   वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी पुढचं म्हटलं, अगदी स्पष्ट.

घरी येताच मी म्हणाले, "आई, विसरलात ना?"

"नाय गं. खोटं बोलणार नाय, असं म्हणायचं होतं. तोंड उघडंना. वर्षभर तुला खोटंच सांगितलं. आठवायचं नाय, तरी ठीक हाय म्हणायचे."

"का पण?"

त्यांनी दारावरच्या कडीकडे बोट केलं. "खरं बोलले असते, तर ती लागली असती ना, रोहिणी."

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि नवऱ्याच्या देखत कडी उपसून काढली. तो स्क्रूची भोकं बुजवत बसला.

भीती गेलीय म्हणाल तर नाही. त्यांची भाजीची पिशवी घरीच राहिली तरी माझ्या छातीत धस्स होतं. पण आज सकाळी त्यांनीच स्वयंपाकघरातून हाक मारली, "रोहिणी, इकडं ये गं. गॅस बंद केला का नाय, मला आठवंना."